चेकरसाहेबांची विरळणी

चेकरसाहेब म्हातारपणी बागकामाला लागले, तेव्हा गल्लीतली माणसं म्हणायला लागली, "बघा, हौसेला वय नसतं!" हौस कसली डोंबलाची! त्या गृहस्थांना आपल्या थोरल्या बहिणीला एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून त्यांनी हातात खुरपं धरलं. परसातली ती हिरवीगार भाजी शेणखतावर जेवढी पोसली, त्याच्या दुप्पट एका माणसाच्या भित्रेपणावर पोसली. पण हे कौतुक करणाऱ्यांना कोण सांगणार?

आणि भित्रेपणा तरी कोणाचा? ज्या माणसाला बघून भरलेली बस चिडीचूप व्हायची त्याचा! नोकरीत असताना चेकरसाहेब मधल्याच एखाद्या थांब्यावर बसमध्ये चढत. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, चेहऱ्यावर माशी हलायची नाही. "तिकीट," एवढा एकच शब्द. त्यानंतर समोरचा माणूस सावकार असो की शाळामास्तर, चाचपडायला लागलाच पाहिजे. एकदा त्यांच्या सख्ख्या सासऱ्यांचा पास संपलेला निघाला होता. चेकरसाहेबांनी आधी वाकून नमस्कार केला आणि मग त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवलं. ही गोष्ट त्यांची बायको शेवटपर्यंत चारचौघांत सांगायची, आणि साहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, "त्यात काय? नमस्कार वेगळा, नियम वेगळा."

आता बायको नाही. ती गेली तेव्हा मुलगा लहान होता, आणि अक्का, म्हणजे साहेबांची थोरली बहीण, आपली भाड्याची खोली सोडून, शाळेचे गणवेश शिवायचं आपलं काम सोडून, एक पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या घरी आली. "पोरगं जरा मोठं होईपर्यंत राहते," म्हणाली. पोरगं मोठं झालं, शिकलं, नोकरीला लागलं, त्याचं लग्न झालं, त्याची बायको घरात आली, आणि अक्का आपली अजून 'जरा' राहतेच आहे. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद कोठीची खोली आहे. तिथे एका बाजूला धान्याचे डबे आणि दुसऱ्या बाजूला अक्काची कॉट. कूस बदलायची तर डब्यांना विचारून बदलावी लागते. चेकरसाहेबांची खोली मात्र ऐसपैस. दोन खिडक्या, भिंतभर कपाट, लिहायचं टेबल, आणि एक आरामखुर्ची. ती खुर्ची केर काढताना कोणी वीतभर सरकवली तरी साहेबांना जेवण जात नसे. त्या खोलीत जाताना घरातली माणसं दारावर टकटक करत. मांजरसुद्धा उंबऱ्याशीच थांबायचं.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. सुनेला दिवस गेलेले, आणि तिची आई बाळंतपणासाठी येऊन चांगली चार-सहा महिने राहणार होती. एका रात्री जेवणं झाल्यावर अक्का आपल्या कोठीच्या खोलीत पाठ टेकायला गेली, आणि मुलाने विषय काढला.

"बाबा, आईंना ठेवायचं कुठे हा प्रश्न आहे. पुढच्या खोलीत बाहेरची माणसं येतात-जातात."

"हं," चेकरसाहेब म्हणाले.

"आमच्या खोलीत पाळणा येणार." मुलगा थांबला. बापाकडे बघितलं. बाप बडीशेप चघळत होता. मुलाने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "म्हणजे आम्हाला असं वाटत होतं... आत्याला थोडे दिवस धाकट्या आत्याकडे पाठवायचं का? तुम्हाला काय वाटतं?"

धाकटी आत्या म्हणजे साहेबांची धाकटी बहीण. दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत, पाचव्या मजल्यावर राहायची. घर चकचकीत, पण मातीचा कण नाही. तिला झाडं आवडत नसत, मुंग्या येतात म्हणून. आणि 'थोडे दिवस' म्हणजे किती, हे ज्याने एखाद्या म्हाताऱ्या माणसाची पेटी हललेली पाहिली आहे, त्याला सांगायला नको.

चेकरसाहेबांनी प्रश्नाचा नियमाने विचार केला. येणारं माणूस ठरलेलं, जागा ठरलेली, तेव्हा कोणाला तरी उठावं लागणार. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय? आयुष्यभर हेच तर केलं.

"बरं," ते म्हणाले, "सांगतो मी तिला."

सून खाली मान घालून ताटातल्या भाताच्या शितांशी खेळत होती. ती एकदम उठली आणि ताट घेऊन मोरीकडे गेली. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसा मुलाचा चेहरा झाला. साहेबांना वाटलं, पोरगं दमलंय. "झोप जा," ते म्हणाले, आणि आपल्या ऐसपैस खोलीत जाऊन स्वस्थ झोपले. हो, चांगले घोरत झोपले. उगाच खोटं कशाला सांगा?

सकाळी उठले आणि लक्षात आलं की, सांगायचं म्हणजे तोंड उघडून सांगायचं. बसमध्ये सोपं होतं. तिथे 'तिकीट' म्हटलं की भागायचं. आता अक्कासमोर उभं राहून काय म्हणणार? अक्काने लहानपणी त्यांचं नाक पुसलेलं, गणिताच्या मास्तरांशी त्यांच्यासाठी भांडण केलेलं. साहेबांनी दोन कप चहा घेतला. तिसरा मागितला. सून काही न बोलता देत होती. शेवटी ते सदरा घालून परसात गेले.

घरामागे जमिनीचा एक लांबट तुकडा होता, एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसरीकडे तारेचं कुंपण. दरवर्षी अक्का त्यात भाजी लावायची. या थंडीत तिचे गुडघे धरले होते, त्यामुळे तण माजलं होतं. हरळी, लव्हाळा, आणखी काय काय. अक्का पाटावर बसून एका कोपऱ्यातून खुरपत होती.

"अक्का," साहेब घसा खाकरून म्हणाले, "जरा बोलायचं होतं."

"बोल की." तिने वर बघितलं नाही. "पण उभ्याने नको. माझी मान दुखते. खाली बस. आणि बसलायसच तर तेवढी हरळी काढ. ते बघ, तुझ्या पायाखालचीच."

साहेब बसले. हरळीचं एक टोक धरून ओढलं, ते तुटून हातात आलं.

"असं नाही. मुळासकट. वरवर ओढलंस तर आठ दिवसांत दुप्पट होऊन येईल. खुरपं आत घाल, माती सैल कर, हां, आता ओढ."

मूळ आलं. हातभर लांब, पांढरं, गाठीगाठीचं. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्यामागे दुसरं दिसलं, तेही काढलं. मग तिसरं. आणि हळूहळू त्यांना ओळखीचं काहीतरी वाटायला लागलं. अरे, ही तर सगळी विनातिकीट मंडळी! कोणी बोलावलं नाही, कोणी पेरलं नाही, आणि बसलेत कसे पाय पसरून! साहेबांच्या अंगात जुनी नोकरी संचारली. दुपारपर्यंत त्यांनी अर्धा तुकडा साफ केला. प्रत्येक मूळ उपटताना तोंडाने पुटपुटत होते, "उतरा. उतरा खाली. कारणं नकोत." अक्का पदर तोंडाशी धरून हसत होती. जेवायला उठेपर्यंत आपण तिथे कशाला आलो होतो हे साहेब साफ विसरले.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "सांगितलंत का?"

"आज गवत होतं," साहेब म्हणाले.

झालं! घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा निश्चय करून परसात गेले, आणि पुन्हा अक्काने त्यांच्या हातात काहीतरी दिलं. ते तोंड उघडायला आणि तिने घमेलं पुढे करायला एकच गाठ पडायची. एकदा ते कुंपणाजवळच्या एका झुडपाशी अडले. नाजूक कातरलेली पानं, दिसायला सुबक. "हे काय गं?" त्यांनी लांबूनच विचारलं. अक्का म्हणाली, "गाजरगवत." साहेबांना त्यातलं 'गाजर' तेवढंच ऐकू आलं. गाजर म्हणजे तिकीटवालं! त्यांनी त्याच्याभोवती छान आळं केलं, झारीने पाणी घातलं, आणि शेजारचं सगळं उपटून त्याला मोकळी हवा दिली. ते झुडूप पुरुषभर व्हायला निघालं आणि साहेबांना शिंका सुरू झाल्या, तरी त्यांना वाटत होतं, खाली चांगलं मनगटाएवढं गाजर धरत असणार. अक्काने बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, ते गाजरगवत! ते नुसतं पानाने गाजरासारखं दिसतं. त्याच्याएवढं वाईट तण नाही!"

"मग नावात गाजर कशाला घालतात?" साहेब भडकले. "सरळसरळ फसवणूक आहे ही! खोटा पास!" आणि ते झुडूप त्यांनी नाकाला रुमाल बांधून असं काही उपटलं की, पाठीत उसण भरली. त्या दिवशीचं सांगणं उसणीमुळे राहिलं.

मग खणणं आलं. कुदळीने ढेकळं फोडायची, फावड्याने उलटीपालटी करायची, खडे वेचायचे. मग शेणखत आणि कुजलेला पाला मिसळायचा. साहेबांनी इस्त्रीचा सदरा सोडून मुलाची जुनी बनियन घातली. समोरच्या घरातला शिंपी येता-जाता कुंपणापाशी थांबायला लागला. "वा, चेकरसाहेब! तब्येत सुधारली तुमची!" खरंच सुधारली होती. पोट आत गेलं होतं. भूक लागत होती. वाफे असे काढले होते की, शिंप्याने पट्टी लावून बघावी. बियांच्या ओळींसाठी साहेबांनी दोन खुंट्यांना सुतळी ताणून बांधली, आणि अक्का कितीही म्हणाली की मुळ्याला कवायत करायची नसते, तरी सुतळी काही सोडली नाही. माणूस सुखात होता हो! आणि रोज संध्याकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. "सांगितलंत का?" "आज खत मिसळलं." "सांगितलंत का?" "आज पालक पेरला, उद्या बघू."

एक गोष्ट साहेबांना कळत नव्हती. 'नाही सांगितलं' म्हटलं की मुलाने चिडायला हवं होतं. उलट तो भाकरीचा आणखी एक तुकडा मोडून घ्यायचा. सुनेचा चेहरा तर उजळायचाच. एकदा तिने काही न मागता त्यांच्या वाटीत तूप वाढलं. "या पिढीला कशाची निकडच नाही," साहेब मनात म्हणाले. म्हणे चेकर! सबंध बसमधला एक चोर नजरेने टिपणारा माणूस, आणि स्वतःच्या ताटासमोर बसलेली दोन माणसं काय सांगताहेत ते त्याला वाचता येईना.

अक्काचंही वागणं जरा वेगळं होतं. ती एरवी बागेत कोणाला फारसं फिरकू द्यायची नाही, आणि आता भावाला एकेक गोष्ट समजावून सांगत होती. "टळटळीत उन्हात पाणी घालायचं नाही, लक्षात ठेव." "टोमॅटोच्या रोपाला आधीच काठी रोवायची, मागून रोवलीस तर मुळं दुखावतात." "घेवड्याला मावा पडला तर राख टाकायची. राख शेगडीजवळच्या डब्यात असते."

"अगं, मला कशाला सांगतेस?" साहेब सुतळी गुंडाळत म्हणाले. "तू आहेस की."

झारीत पाणी होतं तरी अक्का ती भरायला म्हणून नळाकडे गेली.

आणखी एक दिवस साहेबांना परसातल्या दगडावर अक्काची पत्र्याची पेटी उघडी दिसली. आत धुतलेल्या साड्यांच्या घड्या. "हे काय?" "कुबट वास येत होता," अक्का म्हणाली, "ऊन दाखवतेय." साहेबांना पटलं. पेटीला ऊन दाखवायचं असतं, यात शंका घेण्यासारखं काय आहे? ते पुन्हा मुळ्याच्या वाफ्याकडे वळले. बी उगवून आलं होतं, आणि इतकं दाट की मातीच दिसेना. पेरताना साहेबांनी हात सैल सोडला होता. त्यांना वाटलं होतं, जितकं बी तितका मुळा. रोज सकाळी उठून ते आधी ती हिरवी गर्दी बघायचे आणि मग तोंड धुवायचे.

तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला: येत्या रविवारी निघते. आता मात्र टाळायला जागा उरली नाही. मुलाने त्या संध्याकाळी काही विचारलंच नाही. तो नुसता बसून राहिला. सून आत जाऊन झोपली, डोकं दुखतंय म्हणून. साहेब रात्री बराच वेळ कुशीवर कूस बदलत होते. त्यांच्या खोलीत त्यासाठी भरपूर जागा होती.

सकाळी ते चहा न घेताच परसात गेले. अक्का मुळ्याच्या वाफ्याशी बसली होती.

"अक्का, आज मला बोलायचंच आहे."

"आज विरळणी आहे," अक्का म्हणाली.

"विरळणी म्हणजे?"

"बस, दाखवते. हे बघ, एवढ्याशा जागेत पाच रोपं आलीत. त्यातलं एक ठेवायचं, चार काढायची. मग बोटभर सोडून पुढे पुन्हा एक ठेवायचं."

साहेब बसले. हात पुढे केला. आखडला.

"यातलं तण कुठलं?"

"तण नाहीच यात. सगळा मुळाच आहे."

"म्हणजे सगळी आपणच पेरलेली?"

"तूच पेरलीस. मूठ भरून."

"मग काढायची कशाला?"

"अरे, नाही काढलीस तर एकही मुळा धरणार नाही. नुसते दोरे होतील."

साहेबांनी वाकून बघितलं. पाचही रोपं सारखीच. दोन-दोन गुबगुबीत पानं, ताठ दांडा. एकाचंही काही चुकलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं की बस भरलेली आहे, सगळ्यांकडे तिकीट आहे, आणि तरी चेकरने माणसं उतरवायची आहेत.

"यांनी काय केलं गं?" ते म्हणाले.

"काही नाही केलं. जागा नाही, एवढंच." अक्काने बोटांच्या चिमटीत एक रोप धरलं आणि अलगद काढून बाजूला ठेवलं. इवलंसं पांढरं मूळ, त्याला मातीचे दोन कण. मग दुसरं काढलं. "रडायचं नाही यात. माळ्याने रडून चालत नाही. हं, पुढचं तू काढ."

साहेबांनी एक रोप धरलं. सोडलं. दुसरं धरलं. तेही सोडलं. आणि एकदम उभे राहिले, इतके झटक्यात की घमेलं लाथेने उलटलं.

"मी नाही काढणार!" ते ओरडले. पलीकडे शिंप्याच्या मशीनचा आवाज थांबला. "आणि तू पण कुठे जायचं नाहीस! सांगून ठेवतो! धाकटी आहे तिकडे बसू दे पाचव्या मजल्यावर. तुला नाही पाठवायचं मला. जागा नाही म्हणजे काय? कोण म्हणतं जागा नाही? ती कोठी आहे, ती पुढची खोली आहे, ती..."

आणि तिथे ते थांबले. घरातल्या जागा मोजता मोजता गाडी आपल्याच दारात येऊन उभी राहिली होती. दोन खिडक्या, भिंतभर कपाट, लिहायचं टेबल. लिहायचं टेबल! शेवटचं काय लिहिलं होतं त्या टेबलावर?

"माझी खोली आहे की," ते हळूच म्हणाले. असं म्हणाले की जणू घरात अशी एक खोली असल्याची खबर त्यांना आत्ताच कोणीतरी दिली.

अक्का खालीच बघत होती. तिच्या चिमटीत तिसरं रोप होतं, पण तिने ते काढलं नाही.

साहेब तसेच चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात गेले. फरशीवर पावलं उमटली. एरवी हेच कोणी केलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मुलगा डबा भरत होता, सून पोळ्या लाटत होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "अक्का कुठे जाणार नाही. ती आणि विहीणबाई माझ्या खोलीत राहतील. दोन कॉट सहज बसतात. टेबल काढून टाका. मी कोठीत झोपेन. यावर चर्चा नको."

चर्चा झालीच नाही. मुलाच्या हातातून डब्याचं झाकण पडलं आणि गरगर फिरत भिंतीला जाऊन लागलं. सूनबाई पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय? कोठीत मला चालेल."

"बाबा," मुलगा म्हणाला, "आम्हाला पहिल्यापासून तुमची खोलीच मागायची होती."

"मग मागायची!"

"तुमची? तुमची खोली कोण मागणार?" मुलाला हसू येत होतं आणि डोळे भरले होते. "म्हणून मी मुद्दाम आत्याचं नाव काढलं. म्हटलं, आत्याला पाठवायचं म्हटलं की बाबा उसळतील. म्हणतील, तिला कशाला, माझी खोली घ्या. एक मिनिटात विषय संपेल. आणि तुम्ही..."

साहेबांना स्वतःचा आवाज आठवला. बडीशेप चघळता चघळता आलेला, शांत, नियमाचा.

"मला रोज वाटायचं तोंड उघडून खरं सांगावं," सून हुंदके देत म्हणाली. "पण हे म्हणायचे, थांब, बाबांना सांगणं जमत नाहीये ना, आज ना उद्या ते स्वतःच म्हणतील. तुम्ही आज गवत होतं म्हणालात की माझा जीव भांड्यात पडायचा."

म्हणजे या घरात चार माणसं होती, चौघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि त्या एका गोष्टीभोवती चौघं वसंतभर तोंडात मूग धरून फिरत होती. त्या मुगाचं एखादं आणखी पीक सहज आलं असतं.

साहेब परत परसात आले. अक्का त्याच जागी बसली होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"कोठीची भिंत आहे ती, किल्ल्याची नाही," अक्का म्हणाली. "पोराने विचारलेलं ऐकलं. तू काय म्हणालास तेही ऐकलं."

"आणि पोराच्या मनात काय होतं ते?"

"ते दुसऱ्या दिवशी सूनबाईने सांगितलं. शेगडीपाशी बसून रडली बिचारी. मीच तिला म्हटलं, बाबांना काही बोलू नकोस. माझी शपथ घातली."

"का? अगं, तू एक शब्द बोलली असतीस तर मी त्याच मिनिटाला..."

"त्याच मिनिटाला खोली दिली असतीस. माहीत आहे मला." अक्काने हातातली माती झटकली. "मागितलं असतं तर मिळालं असतं रे. मला मागायचं नव्हतं. इतकी वर्षं या घरात आहे मी. मला बघायचं होतं, न मागता कोणी म्हणतं का मला, राहा म्हणून. रोज तू यायचास, अक्का बोलायचंय म्हणायचास, आणि मला वाटायचं, आज बोलतो की काय! म्हणून तुला कामाला लावायची. आणि तू कामाला लागलास की पुन्हा वाटायचं, आज म्हणेल. खुरपता खुरपता म्हणेल, अक्का तू राहा. तर तू मला सुतळी किती सरळ आहे ते दाखवायचास."

साहेबांना काहीतरी बोलायचं होतं. नियमात बसणारं एकही वाक्य सापडेना, आणि नियमाबाहेरची वाक्यं त्यांनी कधी तयारच ठेवली नव्हती. ते होते तिथेच मटकन खाली बसले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, लहान मुलासारखं, भोकाड पसरून रडायला लागले. लाज त्यांना तेव्हाही वाटली, पण रडणं थांबेना.

"अरे, अरे! ऊठ!" अक्का ओरडली. "पालकावर बसलायस! सबंध वाफा गेला! ऊठ म्हणते ना!"

साहेब उठले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली आणि आणखी जोरात रडले. अक्का कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली, कोवळ्या पालकाकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, त्यांच्या शेजारी, त्याच पालकावर, बसली.